फोर बाय फोर घेतली, आता ती दगडमातीत न्यायची कशी

फोर बाय फोर गाडी दारात आली की पहिला गैरसमज हा होतो की आता ही कुठेही जाणार. नाही जात. चारही चाकांना इंजिनची ताकद मिळाली म्हणजे पकड मिळाली असं नसतं. पकड येते ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्या तळहाताएवढ्या चार जागांमधून, आणि ती टू व्हीलमध्ये जेवढी होती तेवढीच फोर व्हीलमध्येही असते, फक्त ताकद चौघांत वाटली जाते म्हणून एकेका चाकावर कमी जोर येतो आणि ते जागच्या जागी फिरायला लागत नाही. आणि थांबायची वेळ आली की सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना ब्रेक असतात, तिथे तुमच्या फोर बाय फोरला काही खास सवलत नाही. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: आत्ता कुठलं चाक नीट टेकलंय, कुठलं अधांतरी आहे, आणि ताकद नेमकी कुठे चाललीये.

आधी गाडीखाली झोपून बघा

खरंच सांगतोय, सपाट जागी गाडी लावा, चटई टाका आणि खाली शिरा. सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू कुठली? बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या एक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, डिफचा (डिफरन्शियलचा, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा) गोळा असतो, आणि तो मध्यभागी आहे का एका बाजूला सरकलेला आहे हे बघून ठेवा, कारण पुढे दगड कुठल्या चाकाखाली घ्यायचा आणि कुठून सोडायचा हे त्यावरच ठरतं. सलग एक्सल असेल तर तो गोळा चाकांसोबतच वरखाली होतो, म्हणजे त्याच्याखालची उंची साधारण तेवढीच राहते. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वरखाली होणारं, असेल तर मात्र गाडी दणकन दबली की पोट पण खाली येतं आणि कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावरच राहतो. सायलेन्सरचा पाईप, डिझेलची टाकी, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारा डबा), या सगळ्यांखाली पत्रा आहे का नुसतं प्लास्टिक, सगळं एकदा डोळ्याखालून घाला. बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून जे ‘स्किड प्लेट’ म्हणून लावलेलं असतं ते फक्त चिखल उडू नये म्हणून असतं, दगडावर टेकलं की तडकतं.

मग कोन. पुढचं बंपर आणि पुढचा टायर यातला कोन म्हणजे अप्रोच, मागचा तो डिपार्चर, आणि दोन्ही चाकांच्या मधे पोटाखालचा तो ब्रेकओव्हर. लोक पहिल्या दोनाबद्दल बोलतात आणि अडकतात मात्र तिसऱ्यात, कारण लांब गाडी उंचवट्यावर पोटावर बसली की चारही चाकांवरचं वजन उडतं आणि मग कितीही रेस द्या, काही होत नाही. मागे टो बार लावला असेल, दोन्ही बाजूंना चमकदार पायऱ्या लावल्या असतील तर हे कोन आधीच कमी झालेत असं समजा. त्या पायऱ्या दगडावर पहिल्या वाकतात आणि मग दार उघडत नाही.

आता गिअरच्या बाजूचं. तुमची सिस्टीम पार्ट टाइम (एरवी दोनच चाकांना ताकद, गरजेला चारही) आहे का ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना कायम किंवा आपोआप) हे माहीत पाहिजे. पार्ट टाइममध्ये फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) किंवा फोर एल (चारही चाकं, कमी वेग) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का जोडला जातो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीवर हा फरक थोडं घसरून निघून जातो पण कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, मग सगळा पीळ गिअरमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि शेवटी काहीतरी तुटतं. म्हणून पक्क्या रस्त्यावर टू एच (दोनच चाकांना ताकद), कच्चा लागला की फोर एच. लिव्हर अडकून बसलीच तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

फोर एल म्हणजे लो रेंज. गाडीप्रमाणे ते प्रमाण साधारण दोनास एक ते चारास एक असतं, म्हणजे तेवढ्याच आरपीएमला गाडी निम्म्याने किंवा पाव वेगाने चालते आणि चाकावर जोर तेवढ्या पटीने वाढतो. लो रेंज रुतल्यावर टाकायची गोष्ट नाही, अवघड जागा दिसली की आधीच टाकायची. गाडी पूर्ण थांबवून किंवा अगदी रांगत असताना, न्यूट्रलमध्ये, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं. आणि हो, महिन्यातून एकदा तरी कच्च्या जागेवर फोर व्हील टाकून थोडं चालवा. वर्षभर न वापरलेली यंत्रणा ऐन गरजेला जाम झालेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिफरन्शियल. साधं, म्हणजे ओपन डिफ असेल तर एका एक्सलच्या दोन चाकांपैकी ज्याला कमी अडथळा आहे त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोर दुसऱ्यालाही मिळत नाही. एक चाक हवेत गेलं की त्याला लागणारा जोर जवळपास शून्य, मग जमिनीवरच्या चाकालाही जवळपास शून्यच. पुढचं डावं आणि मागचं उजवं असं कोपऱ्या-कोपऱ्यातलं एकेक चाक उचललं गेलं की फोर बाय फोर असूनही गाडी उभी राहते, फक्त दोन चाकं गरगरतात. यावर उपाय म्हणजे डिफ लॉकर, तो दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. लॉकर लावला की गाडी सरळच जायला बघते, त्यामुळे पकड चांगली असताना वळणावर काढून टाका. लॉकर नसेल पण ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तरी बरंच काम होतं, ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि जोर दुसरीकडे वळतो. इथे बहुतेक नवखे एकच चूक करतात, चाक फिरलं, खालून कर्रकर्र आवाज आला की घाबरून रेस सोडतात. सोडू नका. थोडी, एकसारखी रेस धरून ठेवा आणि एक-दोन सेकंद थांबा, सिस्टीमला चाक पकडायला तेवढा वेळ लागतो.

टायर आणि हवा

गाडीवर पहिला पैसा कुठे घालायचा विचाराल तर टायर, हवेचा गेज आणि एक बरा कंप्रेसर. लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) नाही, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नाही, आणि छतावरची ती लांबलचक एलईडी पट्टी तर अजिबातच नाही. दिवसा ट्रेल करायची असेल तर त्या पट्टीचा उपयोग फक्त फोटोत.

एचटी टायर रस्त्याचे, एमटी म्हणजे मोठ्या गठ्ठ्यांचे चिखलाचे, आणि एटी मधले. रोज हीच गाडी चालवत असाल तर एटी घ्या. एमटी ओल्या डांबरावर लवकर घसरतो, आवाज करतो, ॲव्हरेज खातो, आणि खोल चिखल सोडला तर त्याचा फार फायदा नाही. दगडाळ भागात नक्षीपेक्षा साईडवॉल किती जाड आहे ते जास्त महत्त्वाचं, कारण तिथे टायर तळाशी पंक्चर होत नाही, बाजूने फाटतो, आणि बाजूने फाटलेला टायर पंक्चरच्या दोरीने भरून येत नाही. स्टेपनी त्याच मापाची पाहिजे. फोर व्हीलमध्ये एक चाक लहान-मोठं असलं की डिफ सतत झिजत राहतो. टायरचं वय पण बघा, साईडवॉलवर डॉट लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालं की दगडावर ते फाटायला वेळ लागत नाही.

आता हवा. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात पण खरं तर तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो. शिवाय टायर मऊ झाल्याने दगडाभोवती वळतो, टोकावर उभा राहत नाही, आणि गाडीतल्या माणसांच्या मणक्यांनाही आराम पडतो. रस्त्यावर तुम्ही ३२-३५ पीएसआय ठेवत असाल तर खडी-मुरुमाच्या कच्च्या रस्त्याला २५-२८ च्या आसपास, दगड आणि चिखलाला १८-२२, मऊ वाळूला १५-१८ इथून सुरुवात करा. गाडीचं वजन आणि टायरचा साईज बघून दोन-तीन इकडेतिकडे. जड, सामानाने भरलेल्या गाडीला थोडी जास्त. १२ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, टायरची कड रिमवरून निसटते, विशेषतः जोरात वळलात तर, आणि मग तिथेच जॅक लावत बसा. हवा थंड टायरवर मोजा, तापलेल्या टायरवर गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो.

हवा कमी केलीत की वेगही कमी. मऊ टायर जोरात पळवला की साईडवॉल वाकून-वाकून तापते आणि फुटते. म्हणून डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग निघायचं, ‘पुढच्या पंपावर भरू’ हा विचार घातक आहे. कंप्रेसर बॅटरीला चिमट्याने लावायचा घ्या, लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कंप्रेसर मोठ्या टायरला फार वेळ लावतात, तापून बंद पडतात आणि कधी फ्यूजच उडवतात.

निघण्याआधी

मेकॅनिकल तपासणी फार ताणत नाही, सर्व्हिसिंग वेळेवर असेल तर निम्मं काम झालेलं असतं. ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बेल्ट, एअर फिल्टर. एक्सलच्या टोकाची रबरी बूट फाटलेली आहेत का ते नक्की बघा, फाटलेल्या बुटातून वाळू आत गेली की सांधा संपलाच. बॅटरी हाताने हलवून बघा, क्लॅम्प ढिला असेल तर आदळआपटीत ती सुटते. डिफ आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा आत-बाहेर जायच्या) कुठे संपतात ते शोधा, त्याचं काम पाण्याच्या वेळी येतं.

सामान जड ते खाली आणि दोन्ही एक्सलच्या मधे, हलकं वर. छतावर डिझेलचे कॅन, दोन स्टेपन्या आणि अख्खा संसार चढवला की आडव्या उतारावर गाडी कुठल्या बाजूला जाईल ते सांगायला नको. आत काहीही मोकळं ठेवू नका, साधी पाण्याची भरलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तरी खेळ खलास.

बरोबर काय घ्यायचं: फावडं, ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्यांची) जोडी, रेटिंग लिहिलेला रिकव्हरी पट्टा (गाडी ओढायचा) आणि शॅकल (पट्टा अडकवायची पिनवाली कडी), जाड हातमोजे, जॅकखाली ठेवायला मजबूत फळी कारण मऊ जमिनीत जॅक गाडी उचलत नाही तर स्वतःच खाली जातो, पंक्चर किट, टॉर्च, फर्स्ट एड, आग विझवायचं नळकांडं, वाटतं त्याच्या दुप्पट पाणी. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. लो रेंजमध्ये इंधन चांगलंच जास्त लागतं, किलोमीटरवर हिशोब करू नका. आणि एकट्या गाडीने अनोळखी ट्रेलवर जाऊ नका, दुसरी गाडी ही सगळ्यात भारी रिकव्हरी किट आहे.

आणखी एक, गाडीला ओढायची जागा. पुढे-मागे रिकव्हरी पॉइंट आहेत का, आणि ते चॅसिसला बोल्ट केलेले खरे पॉइंट आहेत का ट्रकवर गाडी बांधायचे पातळ कडे, हे घरी असतानाच बघा. चिखलात गुडघाभर उभं राहून शोधायची ही गोष्ट नाही.

चालवायला बसल्यावर

सीट थोडी पुढे आणि उंच, बोनेटचे कोपरे दिसले पाहिजेत. बेल्ट लावायचाच, वेग पाचचा असला तरी, कारण गाडी कलंडली की बेल्ट नसलेला माणूस आतल्या आत आपटत फिरतो. स्टिअरिंग धरताना अंगठे आत गुंडाळू नका, रिमवर वरून ठेवा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरतं आणि आतला अंगठा मोडतो, पॉवर स्टिअरिंगने हे कमी झालंय, संपलेलं नाही. ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टीम) बंद करा किंवा ऑफरोड मोड लावा, ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा, आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम असेल तर ती पण बंद, नाहीतर उंच गवत समोर आलं की गाडी भिंत समजून चढावर मधेच ब्रेक मारते.

आणि उतरा. अवघड वाटलं की थांबा, उतरा, पायी जाऊन बघा. कंटाळा येतो, मागचा हॉर्न मारतो, तरी उतरा. कुठल्या चाकाखाली काय येणार, पुढचं गेल्यावर मागचं कुठून जाणार (मागचं चाक वळताना आतून कापतं हे लक्षात ठेवा), अडकलो तर बाहेर कसं पडणार, हे सगळं पायी दिसतं, सीटवरून नाही. कोणाला बाहेर उभं करून खुणा करून घेणार असाल तर एकच माणूस. चौघं चार बाजूंनी ‘डावीकडे घे, डावीकडे’ ओरडले की ड्रायव्हर चौथ्याचं ऐकतो आणि तोच चुकीचा असतो. खुणा आधी ठरवा, बोलून नाही हाताने, आणि तो माणूस ड्रायव्हरला कायम दिसेल अशा जागी पण गाडीच्या खालच्या उताराला उभा नको.

दगडावरून जाताना दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा मोह होतो. उलट करा, मोठा दगड चाकाखाली घ्या. चाक चढलं की गाडी उचलली जाते, मधे घेतला की तोच दगड डिफला भेटतो. लो फर्स्ट, म्हणजे लो रेंजमधला पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, रेस अगदी नाममात्र. ऑटोमॅटिक असेल तर एकाच वेळी थोडा ब्रेक आणि थोडी रेस, म्हणजे दगडावरून उतरताना गाडी धपकन पडत नाही. चाक वर चढलं आणि तुम्ही आनंदाने रेस सोडली की मागचं चाक त्याच दगडावर आदळतं, हे प्रत्येकाचं होतं.

चर किंवा आडवं पडलेलं लाकूड तिरकं ओलांडायचं, म्हणजे एका वेळी एकच चाक आत जातं आणि बाकीची तीन टेकलेली राहतात. पण चर खोल असेल आणि सस्पेन्शनचा प्रवास (चाक किती वरखाली होऊ शकतं ते) कमी असेल तर तिरकं गेल्यावर तेच वरचं कोपऱ्या-कोपऱ्यातलं अधांतरी प्रकरण होतं, तेव्हा कोन कमी करा, किंवा बंपर लागत नसेल तर सरळच घ्या, किंवा फावडं काढून काठ थोडा मोडा, त्यात काही कमीपणा नाही.

चढ सरळ चढायचा आणि उतार सरळ उतरायचा. तिरकं गेलं की गाडी आडवी होण्याची शक्यता. चढाला लो सेकंड किंवा थर्ड घ्या, फर्स्टमध्ये जोर इतका असतो की चाक नुसतंच फिरतं. लागेल तेवढा वेग खालीच घ्या, माथ्याजवळ रेस सोडा कारण पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. मधेच गाडी थांबली तर वळवायचा विचारही करायचा नाही. सगळ्यात जास्त गाड्या इथेच उलटतात, अर्ध्या चढावरून वळून खाली यायच्या नादात. ब्रेक घट्ट दाबून हँडब्रेक ओढा, रिव्हर्स लो टाका, चाकं सरळ आहेत का बघा, मागे कोणी आहे का बघा, मग क्लच पूर्ण सोडून ब्रेक हळूहळू सोडत इंजिनच्या जोरावर आल्या वाटेने सरळ मागे या. इंजिन बंद पडलं असेल तर ब्रेकचा बूस्टर (पेडलला जोर देणारी यंत्रणा) दोन-तीन दाबांतच संपतो, म्हणून पेडल पंप करू नका, एकदा दाबून धरा. न्यूट्रल किंवा क्लच दाबून मागे येणं म्हणजे फक्त ब्रेकवर येणं, आणि मागे घसरताना वजन मागे गेलेलं असतं त्यामुळे पुढची चाकं चटकन लॉक होतात, स्टिअरिंग संपतं.

उताराला लो फर्स्ट, पाय क्लचवरून दूर, ब्रेक शक्यतो नाहीच. इंजिन ब्रेकिंग चारही चाकांना सारखं धरतं. गाडी घसरायला लागली तर सगळ्यांचं मन सांगतं ब्रेक मार, पण चाक लॉक झालं की ते वळत नाही, तेव्हा उलट किंचित रेस द्या म्हणजे चाक जमिनीच्या वेगाने फिरायला लागतं आणि पकड परत येते. हिल डिसेंट कंट्रोल असेल तर ते हेच काम एबीएसकडून एकेका चाकावर करून घेतं, लँड रोव्हरने ते १९९७ साली फ्रीलँडरमध्ये आणलं कारण त्या गाडीला लो रेंजच नव्हती. वापरायला लाजू नका, पण त्याशिवायही उतरता आलं पाहिजे.

आडवा उतार, म्हणजे गाडीची एक बाजू वर आणि एक खाली ठेवून जायचं, मला स्वतःला सगळ्यात कमी आवडतो. टाळता आला तर टाळा. जायचंच असेल तर हळू, वरच्या बाजूच्या चाकाखाली दगड नको, खालच्या बाजूला खड्डा नको, आणि गाडी बाजूला सरकायला लागली की स्टिअरिंग उताराच्या दिशेने, खाली, आणि थोडी रेस. वर वळवलं की उलटलीच. उतरायची वेळ आली तर वरच्या दाराने.

चिखल आणि वाळू इथे मात्र हळू जाण्याचा नियम बदलतो. इथे वेग टिकवायचा, वाढवायचा नाही, टिकवायचा. चिखलात लो सेकंड-थर्ड, आत शिरल्यावर गिअर बदलायचा नाही. पकड सुटत आलीये असं वाटलं की स्टिअरिंग डावी-उजवी थोडं हलवा, टायरच्या बाजूच्या कडा ताजी माती पकडतात. आणि खोल चाकोरीत असाल तर पुढची चाकं सरळ आहेत ना ते खिडकीतून डोकावून बघा, कारण चाकोरीत स्टिअरिंग वाकडं असूनही गाडी सरळ जात राहते, आणि चाकोरी संपली की फाटकन बाहेर उडी मारते.

वाळूत ब्रेक मारू नका, रेस सोडा, गाडी आपोआप थांबते, ब्रेक मारलात तर चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायचं तर उताराकडे तोंड करून. वळणं मोठी, कारण वळवलेलं चाक वाळूत नांगरासारखं चालतं. सकाळी थंड आणि दमट वाळू जास्त घट्ट असते, दुपारी तीच वाट मऊ होते. गाडी थांबतेय असं वाटलं की लगेच रेस सोडा. चाक चार वेळा फिरलं की बाहेर येता येतं, चाळीस वेळा फिरलं की एक्सल वाळूवर बसलेला असतो. सरळ रिव्हर्स घ्या, तुमच्याच चाकांनी मागची वाळू दाबलेली असते.

पाणी. इथे जरा थांबून वाचा. वाहतं पाणी असेल तर आधी ओढ बघा. साधारण ३० सेंटीमीटर वेगवान पाणी छोटी कार उचलून नेऊ शकतं आणि ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्या, एसयूव्ही आणि पिकअपसकट. गाडी उंच म्हणून वाचत नाही, पाणी पोटाला लागलं की ती तरंगायला बघते आणि टायरवरचं वजन उडतं, म्हणजे पुन्हा तोच पकडीचा प्रश्न. मॅन्युअलमध्ये वेडिंग डेप्थ (गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते) दिलेली असते, तो आकडा संथ पाण्याचा समजा. एअर इनटेक कुठून हवा घेतो ते शोधा, कितीतरी गाड्यांमध्ये तो हेडलाइटच्या मागेच असतो. नुसता स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारी उंच नळी) लावून गाडी पाणबुडी होत नाही, इलेक्ट्रिकल वायरिंग आणि डिफचे ब्रीदर तिथेच खाली राहतात.

आत शिरण्याआधी दहा मिनिटं थांबा. तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून ती नळी वर बोनेटपर्यंत नेलेली बरी. संथ पाणी असेल तर काठी घेऊन पायी चालून तळ बघा, जिथे पायी जायची हिंमत होत नाही तिथे गाडी घालायची नाही. खिडक्या उघड्या. लो फर्स्ट किंवा सेकंड, हळू शिरा, मग माणूस भरभर चालतो तेवढा वेग, पुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनच्या जागेत पाणी कमी राहतं. वेग तोच ठेवा, गिअर नाही, क्लच नाही, थांबणं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा, ओला असेल तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. सुखरूप बाहेर आलात तर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवा, ते वाळले पाहिजेत.

फसल्यावर

पहिली गोष्ट रेस बंद, दुसरी गोष्ट फावडं. दोरी बांधायची घाई सगळ्यांना असते आणि खणायची कोणालाच नाही, पण चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढली, हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडली, बोर्ड चाकाखाली घट्ट खुपसले तर निम्म्या वेळा गाडी स्वतःच निघते. बोर्डवर चाक फिरवू नका, त्याचे दात वितळतात, आणि मागे कोणी उभं नको, बोर्ड मागे फेकला जातो.

ओढायचंच असेल तर लवचिक कायनेटिक दोर आणि साधा न ताणणारा पट्टा यात गोंधळ नको. कायनेटिक दोर २०-३० टक्के ताणतो आणि साठवलेली ताकद सावकाश देतो, त्याला थोडी ढील देऊन हळूच वेग घेऊन ओढता येतं. साध्या पट्ट्याला झटका दिला की काहीतरी तुटतं. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर लावायच्या त्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नका. तो झटक्यासाठी बनलेलाच नाही, तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो, यात माणसं मेलेली आहेत. दोरावर जाड जॅकेट किंवा ओलं पोतं टाका, बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा, दोन्ही गाड्यांत फक्त ड्रायव्हर. लोखंडी शॅकलची पिन हाताने घट्ट करून पाव आटा सैल सोडा, नाहीतर ताणानंतर ती उघडत नाही. दोन पट्टे जोडायला मधे लोखंडी शॅकल वापरू नका.

विंच असेल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा. डब्यावरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, दोर जितका जास्त गुंडाळलेला तितकी ताकद कमी. स्नॅच ब्लॉक म्हणजे पुली लावून दोर परत गाडीकडे आणला की ओढ जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा. झाडाला थेट दोर गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा, साल कापलं की झाड वाळतं. कायनेटिक दोर विंचला जोडायचा नाही. आणि ताणलेल्या दोरावरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

ट्रेल सोडून बाजूने नवी वाट पाडू नका. चिखल चुकवायला प्रत्येकजण थोडं बाजूने गेला की दोन सीझनमध्ये वाटेचं मैदान होतं, मग ती बंद होते, आपल्याच सगळ्यांसाठी.

परत आल्यावर

खालून पाण्याचा फवारा मारा, रेडिएटरच्या जाळीतला चिखल मात्र प्रेशर गनने नाही, साध्या पाईपने, नाहीतर पापुद्रे वाकतात. रिमच्या आत चिकटलेला चिखल वाळला की हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट करत बसतात. उंच गवतातून आला असाल तर सायलेन्सर आणि डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) आजूबाजूला अडकलेलं सुकं गवत हाताने काढा, पण थंड झाल्यावर, कारण डीपीएफ साफ होताना आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापतो आणि घरी पार्क केलेली गाडी पेटू शकते. चाकांचे नट परत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने घट्ट करायच्या पान्याने) तपासा. खोल पाण्यातून गेला असाल तर दुसऱ्या दिवशी, गाडी न हलवता, डिफचा फिलर बोल्ट उघडून बोट घाला. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलंय, ते त्याच आठवड्यात बदला, बेअरिंग गंजायला फार वाट बघत नाही.